खडकावर दोनदा पडलेली काठी: नम्रता आणि इंद्रियदमन यांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ख्रिस्ती विश्वासात येऊन बारा वर्षे झालेले एक गृहस्थ लिहितात की त्यांची रोजची प्रार्थना आणि वचनवाचन चुकत नाही, मंडळीत ते मनापासून सेवा करतात, तरीही घरात जिभेवर ताबा राहत नाही. गेल्या आठवड्यात पाहुण्यांसमोर त्यांनी आपल्या मुलाचा अपमान केला. दुसरीकडे, मंडळीत त्यांच्या सेवेचा उल्लेख राहून गेला की दोन-दोन दिवस त्यांचे मन कडू असते. ते विचारतात, “नम्र होण्याचा प्रयत्न केला की ते मला ढोंग वाटते, आणि संयमाचा निश्चय केला की तो तीन दिवसांत मोडतो. या दोहोंपैकी मी आधी कशाकडे लक्ष द्यावे?”

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण अडचणीचे मूळ तिथे आहे. आधी हे की आधी ते, असा क्रम लावण्याजोग्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे तुम्ही धरून चालला आहात. पाळकीय सेवेत मी जवळजवळ तीस वर्षे काढली आहेत आणि या काळात रागासाठी, जिभेसाठी, न सुटणाऱ्या सवयींसाठी प्रार्थना मागायला आलेल्या पुष्कळ बंधुभगिनींबरोबर बसलो आहे. त्यांच्याशी सावकाश बोलत गेले की बहुतेक वेळा असे आढळते की जिथे संयम सुटला त्याच्या जरा आधी कुठेतरी ‘मी’ दुखावला गेला होता. पाहुण्यांसमोर तुम्ही मुलाला बोललात त्या वेळी मुलाची चूक तुम्हाला किती मोठी वाटली होती, आणि पाहुणे आपल्याविषयी काय म्हणतील ही भीती किती मोठी होती, हे प्रभूसमोर शांतपणे आठवून पाहा. तीच चूक घरात दुसरे कोणी नसताना झाली असती तर तुम्ही तितकेच बोलला असता का? नाही, असे उत्तर आले, तर तुमचा राग आणि उल्लेख न झाल्याचा कडवटपणा ही दोन्ही पाणी एकाच झऱ्याची आहेत.

पहिल्या शतकात मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल याने हे फार आधी ओळखले होते. गलतीकरांस 5:22-23 ही आत्म्याच्या फळाची वचने आपल्याला तोंडपाठ असतात. प्रीतीपासून सुरू होणारी ती यादी सौम्यता आणि इंद्रियदमन यांपाशी संपते. पण आपण तिथेच थांबतो आणि तीनच वचनांनंतरचे 26वे वचन वाचायचे राहून जाते. तिथे पौल पोकळ अभिमानाविषयी बजावतो आणि त्याच वाक्यात एकमेकांना चीड आणण्याविषयी व हेवा करण्याविषयी बोलतो. कौतुकाची भूक आणि घरातली चिडचिड यांना त्याने एका वाक्यात बसवले आहे. शिवाय त्या यादीतला मूळ ग्रीक शब्द ‘फळ’ असा एकवचनी आहे. त्यातले एक आज आणि दुसरे पुढच्या वर्षी, असे तोडून घेता येत नाही.

हे नाते पवित्र शास्त्रात सर्वांत जवळून पाहायचे असेल तर इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेकडे पाहावे. गणना या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात मिर्याम आणि अहरोन, म्हणजे त्याचीच भावंडे, त्याच्याविरुद्ध बोलतात. परमेश्वर काय फक्त मोशेच्या द्वारे बोलला आहे, आमच्या द्वारे नाही का, असा त्यांचा सवाल आहे. तिथेच तिसऱ्या वचनात म्हटले आहे की मोशे हा भूतलावरील सर्व मनुष्यांपेक्षा नम्र होता. आणि खरोखरच त्या संपूर्ण अध्यायात मोशेच्या तोंडी स्वतःच्या बचावाचा एक शब्दही नाही. त्याचे एकच वाक्य तिथे आहे, आणि ते कोड उठलेल्या मिर्यामेला बरे कर, ही देवाला केलेली विनवणी आहे.

आता 20वा अध्याय उघडा. वाळवंटात कादेश येथे इस्राएल लोकांचा मुक्काम आहे. पहिल्याच वचनात मिर्याम मरण पावते आणि तिला तिथेच पुरतात. अध्यायाच्या शेवटी अहरोन मरतो तेव्हा लोक तीस दिवस शोक करतात, पण मिर्यामेसाठी शोक केल्याचा उल्लेख नाही. दुसऱ्याच वचनात लोक पाण्यासाठी भांडायला उभे राहतात. देव मोशेला सांगतो की खडकाशी बोल. मोशे लोकांना खडकासमोर जमवतो आणि म्हणतो: बंडखोरांनो, ऐका, तुमच्यासाठी या खडकातून आम्ही पाणी काढायचे काय? मग तो हात उगारतो आणि काठीने खडकावर दोनदा मारतो.

त्या ‘आम्ही’ या शब्दापाशी मी अनेक वर्षे थांबत आलो आहे. तहान लोकांची होती आणि पाणी देवाचे होते, पण त्या क्षणी मोशेला अपमान आपला झाल्यासारखा वाटला. नम्रता त्या एका शब्दात सुटली आणि संयम लगेच मागोमाग सुटला. आधी जीभ, मग हात. स्तोत्र 106:33 मध्येही त्याच्या अविचारी बोलण्याचीच आठवण ठेवली आहे. तुमच्यासारख्या सेवकाने यातली आणखी एक गोष्ट विसरू नये. पाणी आले, आणि भरपूर आले. लोक प्यायले, गुरे प्यायली, सभेला काही कमी पडले नाही. सेवा फलदायी होत आहे यावरून सेवकाचे अंतःकरण ठिकाणावर आहे असे ठरत नाही, आणि मंडळीत आपल्या हातून चांगले काम होत असताना घरात आपली काठी खडकावर पडत असू शकते. त्या दिवशी मोशे दमलेला होता, त्याची बहीण नुकतीच गेली होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पण थकवा आणि न केलेला शोक यांमुळे तट कुठे खचतो हे ओळखून असावे, कारण ज्याचा स्वतःवर ताबा नाही तो तट नसलेल्या नगरासारखा आहे, असे नीतिसूत्रांत (25:28) म्हटले आहे.

येशूचा शिष्य पेत्र याची कथा याच वळणाची आहे. सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे तो येशूला म्हणतो. त्याच रात्री गेथशेमाने बागेत त्याला घटकाभर जागे राहवत नाही, मग येशूला धरायला आलेल्यांवर तो तलवार उपसतो आणि पहाटेपर्यंत आपण येशूला ओळखत नाही असे तीनदा म्हणतो. स्वतःविषयीच्या खात्रीने त्याला झोप आणली, असे मला वाटते. पुढे म्हातारपणी लिहिताना तोच पेत्र आधी नम्रतेचा कमरबंद बांधायला सांगतो आणि मग सावध असा, जागे राहा, असे म्हणतो (1 पेत्र 5:5-8). तो क्रम अनुभवातून आलेला आहे.

आता उलट बाजू. नम्रतेवाचून संयम असू शकतो का? असू शकतो, आणि तो अधिक घातक असतो. लूक 18 मधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो, व्यभिचारी नाही, लुबाडणारा नाही. त्याच्या संयमात खोट काढण्याजोगे काही नाही, तरी नीतिमान ठरून घरी गेला तो छाती बडवणारा, लोकांनी पापी मानलेला जकातदार. पौलाच्या काळच्या ग्रीक जगात इंद्रियदमनाला मोठा मान होता. त्यासाठीच्या ‘एन्क्रातेया’ या शब्दात सत्ता, पकड असा अर्थ आहे, आणि स्वतःवर सत्ता चालवणारा पुरुष हा तिथल्या तत्त्वज्ञांचा आदर्श होता. ‘तापेइनोस’, म्हणजे लीन, हे विशेषण मात्र बहुतेक वेळा हलक्या, गुलामी वृत्तीच्या माणसाला लावले जाई. सुवार्तेने त्या जगाला धक्का दिला तो इथे: देवाचा पुत्र स्वतःला रिक्त करतो, दासाचे स्वरूप धारण करतो आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत लीन होतो (फिलिप्पैकरांस 2:6-8). त्यानंतर नुसत्या पकडीला सद्गुण म्हणणे ख्रिस्ती माणसाला शक्य राहिले नाही.

वाळवंटात राहून मनाशी झुंजणाऱ्या चौथ्या-पाचव्या शतकांतील साधूंना हा धोका चांगला माहीत होता. त्यांची शिकवण पश्चिमेकडे नेणारा जॉन कॅसियन पोकळ अभिमानाला कांद्याची उपमा देतो: एक पापुद्रा सोलावा तर खाली दुसरा तयारच असतो. खादाडपणा जिंकला की त्या विजयाचा अभिमान, अभिमान झाकला की तो झाकल्याचा अभिमान. म्हणून तुम्हाला विनंती आहे की राग न आलेल्या दिवसांची गणती ठेवू नका. मी तरुणपणी वहीत तशा खुणा करीत असे. ज्या महिन्यात खुणा जास्त, त्या महिन्यात मी इतरांच्या रागाविषयी अधिक कठोर होत असे, हे माझ्या पत्नीने मला दाखवून दिले.

मग सुरुवात कुठून करावी? माझ्या मते, योहान 13:3 पासून. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग आपण चौथ्या वचनापासून सांगतो: प्रभू उठला, बाह्यवस्त्रे काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला. पण योहान त्याआधी कारण सांगतो. पित्याने अवघे आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू उठला. आपण कोण आहोत याविषयी त्याला कोणतीही शंका नव्हती, म्हणून त्याला खाली वाकता आले. लूक सांगतो की त्याच रात्री त्याच मेजाभोवती शिष्य आपल्यात मोठा कोण यावरून वाद घालत होते. त्यांच्यापैकी कोणालाही वाकता आले नाही, कारण प्रत्येकाचे स्थान अजून ठरायचे होते. आणि येशूला धरून देणारा यहूदा अजून खोलीतच होता. त्याचेही पाय त्या हातांनी धुतले गेले. स्वतःला क्षुद्र मानणे म्हणजे नम्रता, अशी समजूत आपल्यात खोल रुजली आहे, आणि तुम्हाला नम्रतेचा प्रयत्न ढोंग वाटतो त्याचे कारण बहुधा तेच असावे. तुम्ही स्वतःविषयी जे खरे नाही ते म्हणायचा प्रयत्न करीत आहात. चांगली सेवा केलेल्या माणसाने “छे, मी काही केले नाही” असे म्हणण्यात खोटेपणा येतोच. “देवाने करू दिले, मला आनंद झाला” एवढे म्हणून थांबावे. ज्याची किंमत वधस्तंभावर ठरली आहे त्याला ती रविवारच्या घोषणांमधून ठरवून घ्यावी लागत नाही. हे एकदा मान्य करून चालत नाही, ते रोज सकाळी पुन्हा ऐकावे लागते, आणि माझ्या अनुभवात सकाळच्या प्रार्थनेचे मुख्य काम हेच आहे: दिवसभरात कोणी आपल्याला काही म्हणण्याआधी पिता आपल्याला काय म्हणतो ते ऐकणे.

तुमचा निश्चय तीन दिवसांत मोडतो, याचे मला नवल वाटत नाही. निश्चय हा प्रसंगाच्या वेळी कामी येत नाही, सराव येतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत, आणि पौल त्या मंडळीला लिहितो तेव्हा स्पर्धक सर्व गोष्टींविषयी इंद्रियदमन करतो, तेही नाशवंत हारासाठी, याची आठवण देतो (1 करिंथ 9:25). शर्यतीच्या सकाळी मनाशी ठरवून कोणी जिंकत नाही. म्हणून सराव सांगतो, पण थोडाच. फार सांगितला तर तुम्ही त्याचीही यादी कराल.

पहिली गोष्ट रात्रीची. झोपण्यापूर्वी दिवसातला एकच प्रसंग आठवा, जिथे संयम सुटला किंवा सुटता सुटता राहिला, आणि प्रभूला विचारा: त्या क्षणी माझे काय जाईल अशी मला भीती वाटली? मान, वेळ, आराम, हक्क, की आपले म्हणणे बरोबर ठरण्याचे सुख? उत्तर एका शब्दात लिहा. दोन आठवड्यांत तोच शब्द पुन्हापुन्हा येऊ लागेल आणि तो तुमच्या प्रार्थनेचा विषय होईल. “प्रभू, माझा राग काढून टाक” या प्रार्थनेपेक्षा “माझ्या नावाची मला वाटणारी भीती तू घे” ही प्रार्थना मुळाच्या अधिक जवळ जाते.

दुसरी गोष्ट, दर आठवड्याला एक सेवा अशी करा की ती कोणाला कळणार नाही, आणि कळली नाही तर तुमच्याकडूनही कधी सांगितली जाणार नाही. मत्तय 6 मध्ये प्रभू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबाबत गुप्ततेचा आग्रह धरतो. ढोंग आणि सराव यांतला फरकही इथेच कळतो. ढोंगाला पाहणारा लागतो. कोणी पाहत नसताना केलेले काम सुरुवातीला कितीही कोरडे वाटले तरी त्याला ढोंग म्हणता येत नाही. उपासाविषयी एवढेच सांगतो की प्रकृतीला झेपत असेल तर करावा, औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे, आणि उपासाच्या दिवशी चिडचिड झाली तर निराश होऊ नये. ती उपासाने आणलेली नसते. एरवी भरल्या पोटाखाली झाकलेली असते.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, आणि तिच्यासाठी मला स्वतःची चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी प्रार्थनासभेत मी एका वचनाचा संदर्भ चुकीचा दिला आणि एका तरुणाने सर्वांसमोर, अगदी सभ्यपणे, तो दुरुस्त केला. माझे कान तापले. मी हसून त्याचे आभार मानले आणि सभा पुढे चालवली, त्यामुळे सर्वांना मी नम्र वाटलो असेन. पण पुढचे सहा आठवडे मी त्याला वचन वाचायला सांगितले नाही, त्याच्या प्रश्नांना तुटक उत्तरे दिली आणि मनात म्हणत राहिलो की त्याला अजून परिपक्वता यायची आहे. माझी जीभ ताब्यात होती आणि अंतःकरण सूड घेत होते. शेवटी प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री, प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी या वचनापाशी, मला पुढे वाचता येईना. मी त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, “त्या दिवशी तू बरोबर होतास. मला अपमान वाटला आणि तेव्हापासून मी तुला बाजूला ठेवले. मला क्षमा कर.” माझ्या जिभेवर पुढचे वाक्य तयार होते: पण तू मला नंतर एकट्याला सांगू शकला असतास. ते मी गिळले. त्या एका ‘पण’ला गिळताना जेवढा जोर लागला तेवढा मला कोणत्याही उपासात लागलेला नाही. याकोब एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगतो (5:16). त्या कबुलीत नम्रता आणि इंद्रियदमन ही दोन्ही एकाच श्वासात लागतात, म्हणून मी तिला सर्वांत चांगला सराव मानतो.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठासाठी लिहिलेल्या नियमांत नम्रतेच्या 12 पायऱ्या सांगितल्या. त्यातली पहिलीच पायरी म्हणजे आपण सदैव देवाच्या दृष्टीसमोर आहोत हे न विसरणे आणि त्यामुळे विचार, जीभ, हात, पाय व स्वतःची इच्छा यांना जपणे. नम्रतेची सुरुवातच त्याने संयमाने केली. दोहोंत आधी काय, या तुमच्या प्रश्नाला त्याच्याकडेही वेगळे उत्तर नव्हते.

एक खबरदारी मात्र आवश्यक आहे, कारण नम्रतेच्या नावाखाली मी माणसे मोडलेली पाहिली आहेत. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे नम्रता नव्हे. प्रमुख याजकासमोर शिपायाने चपराक मारली तेव्हा प्रभूने विचारले, मी योग्य बोललो असलो तर मला का मारतोस (योहान 18:23)? फिलिप्पै येथे पौलाने आपले रोमी नागरिकत्व सांगून अधिकाऱ्यांना जाब विचारला. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला “लीन हो” असे सांगणारा पाळक वचनाचा दुरुपयोग करतो. तिला आधी सुरक्षित जागा आणि मदत हवी असते. तसेच, दारू किंवा दुसरे व्यसन, किंवा महिनोन् महिने न उतरणारी उदासी आणि तिच्यातून येणारा संताप, अशा ठिकाणी नुसत्या प्रार्थनेवर माणसाला परत पाठवू नये. मला डॉक्टरांची गरज आहे, हे मान्य करणे हीसुद्धा नम्रताच आहे.

हे सगळे तुमच्या बळावर होणार नाही, हे तुम्हाला तीन दिवसांत मोडणाऱ्या निश्चयांनी आधीच शिकवले आहे. आपला सहकारी तीत याला लिहिताना पौल म्हणतो की मर्यादेने वागायला आपल्याला शिकवते ती देवाची कृपा (2:11-12). हिप्पोचा बिशप ऑगस्टीन, जो तारुण्यात आपल्या वासनांपुढे वर्षानुवर्षे हरत आला होता, इंद्रियदमनाविषयीच देवाला म्हणाला: तू जी आज्ञा करतोस ते मला दे, आणि मग तुला हवी ती आज्ञा कर. ही प्रार्थना पाठ करून ठेवा. राग चढताना दुसरे काही सुचत नाही, पण पाठ असलेले ओठांवर येते.

आता तुमच्या मुलाविषयी. अपमान पाहुण्यांसमोर झाला, म्हणून क्षमा मागण्याची गोष्ट कधीतरी त्याच पाहुण्यांच्या कानावरही जायला हवी, पण आधी त्याच्याकडे एकट्याकडे जा. उभे राहून बोलू नका, त्याच्या शेजारी बसा. त्याची चूक काय होती हे आज काढू नका; ती चर्चा दुसऱ्या दिवशी करता येईल आणि तेव्हा तो ऐकूनही घेईल. “मी तुझा सर्वांसमोर अपमान केला. मला माझ्या नावाची काळजी वाटली, तुझी वाटली नाही. मला क्षमा कर” एवढीच वाक्ये पुरेत. तो कदाचित काही बोलणार नाही, खांदे उडवील, उठून जाईल. त्याने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षा धरली तर तीही पुन्हा तुमच्या समाधानासाठीच होईल. त्याला जाऊ द्या आणि तिथेच थोडा वेळ बसून त्याच्यासाठी प्रार्थना करा.